‘त्याला बदला’ म्हणण्याचा अधिकार



आजच्या व्याख्यानाचा विषय फुटबॉलचा की राजकारणाचा, असा प्रश्न इथे येण्यापूर्वी आम्हांला दोघा-तिघांनी विचारला. फुटबॉलचा म्हणावा तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही क्रिकेटची गावे. राजकारणाचा म्हणावा तर त्या विषयाला वक्त्याची गरजच नाही. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या कोणत्याही गाडीच्या डब्यात त्यावर रोज विनामूल्य व्याख्यानमाला चालते. आमचा विषय या दोहोंच्या मधला आहे. खेळाचे चाहते म्हणून आपण जे मत देतो आणि नागरिक म्हणून आपण जे मत देतो, त्या दोन मतांचा परस्परसंबंध काय, एवढाच तो विषय.

तो सुचला २०२४ च्या जूनमध्ये. ठाणे आणि कल्याण या लोकसभा मतदारसंघांत २० मे रोजी मतदान झाले होते. ४ जूनला निकाल लागला. ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर भारताचा कुवेतशी सामना झाला. सुनील छेत्री या थोर खेळाडूने तो देशासाठी आपला शेवटचा सामना म्हणून जाहीर केला होता. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. ९ जूनला केंद्रात नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. ११ जूनला दोह्यात भारत कतारकडून २–१ असा हरला आणि विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेतून बाहेर पडला. आणि १७ जूनला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्तिमाच यांना काढून टाकल्याचे जाहीर झाले.

या पंधरवड्यात गाडीच्या डब्यात बसलेल्या माणसाला एक गंमत अनुभवास येत होती. पलीकडच्या बाकावर ‘त्याला आता घरी पाठवायलाच हवा’ असे कोणी म्हणाले, तर तो ‘तो’ म्हणजे क्रोएशियाचा प्रशिक्षक की दिल्लीचा कोणी पुढारी, हे पुढची दोन वाक्ये ऐकल्याशिवाय कळत नसे. ‘माणूस वाईट नाही, पण भोवतालची मंडळी वाईट’ हे वाक्य दोन्हीकडे चालत होते. ‘याच्यापेक्षा आधीचा बरा होता’ हेही चालत होते. आणि मुलुंड येईपर्यंत सर्वांचे ज्यावर एकमत होई ते वाक्यही दोन्हीकडे एकच होते : ‘एकदा हा बदलला की सगळे ताळ्यावर येईल.’

बंधुभगिनींनो, या शेवटच्या वाक्याविषयी आज आम्हांला बोलायचे आहे.

प्रथम खेळाचा हिशेब पाहू. संघ हरला की प्रशिक्षक का बदलतात? तोच दोषी असतो म्हणून नव्हे. अकरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, जिल्ह्याजिल्ह्यांत मैदाने एका रात्रीत उगवत नाहीत, आणि नेमणूक करणारी मंडळी स्वतःला बदलत नाहीत. म्हणून बदलण्याजोगा जो एकच माणूस उरतो, तो बदलतात. स्तिमाच २०१९ साली आले. २०२३ साली त्यांच्या हाताखाली भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकले, जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांत प्रवेश केला, आणि त्याच वर्षी त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. पुढच्या जानेवारीत आशियाई चषकातले तिन्ही सामने भारत हरला, मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून हरला, आणि जूनमध्ये तोच वाढवलेला करार मोडावा लागला. मग भरपाईचा वाद आलाच. करार वाढवताना टाळ्या वाजवणारे आपणच, आणि तो मोडताना ‘इतके दिवस ठेवलाच कसा’ म्हणणारेही आपणच.

त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले. हे गृहस्थ त्याच वेळी एफ. सी. गोवा या संघाचेही प्रशिक्षक होते. या उदाहरणाकडे आपण नीट पाहावे अशी विनंती आहे, कारण असा प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. एकच माणूस, एकच डोके, एकाच वर्षी दोन संघांना शिकवीत होता. गोव्याचा संघ त्या हंगामात साखळीत दुसरा आला आणि ३ मे २०२५ रोजी जमशेदपूरला ३–० ने हरवून त्याने सुपर कप जिंकला. आणि राष्ट्रीय संघाने त्याच माणसाच्या हाताखाली आठ सामने खेळून एकच जिंकला. जुलै २०२५ मध्ये मार्केझ गेले. काही चाहत्यांचे म्हणणे असे की, दोन घरचा पाहुणा उपाशी, दोन्ही कामे एकाने केली म्हणूनच हे झाले. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु मग प्रश्न असा उरतो की, दोन्ही कामे एका माणसाकडे सोपवण्याचा निर्णय कोणाचा? तो माणूस तर हातात पाटी घेऊन दारी आला नव्हता. गाडीतल्या चर्चेत या प्रश्नावर कोणी आवाज चढवल्याचे आम्हांला आठवत नाही.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. सुपर कपच्या अंतिम सामन्यात मार्केझ यांच्याकडून हरलेल्या जमशेदपूर संघाचे प्रशिक्षक ते हेच! ‘आपल्या मातीतला माणूस हवा’ ही चाहत्यांची मागणी जुनी होती, आणि ती अगदीच भावनेची नव्हती. ऐझॉलसारख्या छोट्या गावच्या संघाला याच जमीलांनी २०१७ साली आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला, तेव्हा ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’ असे आपण म्हणालो. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून २–१ अशी हार झाली, आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि अडीच महिन्यांच्या आत जुनेच वाक्य नव्या नावासह डब्यात हजर झाले.

यावर कोणी म्हणेल, मग काय, कधी कोणाला बदलूच नये? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. मुंबई सिटी संघाचे डेस बकिंगहॅम २०२३ च्या नोव्हेंबरात हंगाम अर्धवट सोडून इंग्लंडला गेले, तेव्हा ठाण्याहून आणि डोंबिवलीहून अंधेरीच्या मैदानापर्यंत धक्के खात जाणाऱ्या चाहत्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. पेत्र क्राट्की आले, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३–१ ने हरवून त्याच संघाने चषक उचलला. बदल झाला आणि भले झाले. का झाले? कारण मागे व्यवस्था उभी होती. घडी बसलेल्या घरात नवी सून आली तर चार दिवसांत रुळते. घरच विस्कटलेले असेल तर कितीही सुना बदला, उपयोग नाही. आणि त्या बिचारीला नावे ठेवणे हा तर शुद्ध अन्याय.

उलट बाजूचे उदाहरण जुने आहे, पण सांगण्यासारखे आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा हरला. आपले कित्येक खेळाडू तिथल्या थंडीत अनवाणी खेळले होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. आजच्या डब्यात दहा गोलांनंतर त्यांचे काय झाले असते, याची कल्पना आपण करावी! परंतु चार वर्षांनी मेलबर्नला संघ घेऊन जाणारे रहीमच होते. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ साली जकार्त्यात आशियाई सुवर्णपदक मिळाले तेव्हाही शिकवणारे रहीमच होते. कर्करोगाने पोखरलेल्या देहाने त्यांनी ते काम केले आणि पुढच्याच जूनमध्ये ते वारले. पराभवातून शिकण्याची संधी माणसाला दिली तर काय होते, याचा हा दाखला. दहा गोल खाल्लेल्या माणसाला ते दहा कसे झाले हे इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असते.

आता राजकारणाकडे वळू. इथे एक फरक आरंभीच ध्यानात घ्यावा. प्रशिक्षक नेमण्यात चाहत्याला काडीचाही अधिकार नसतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी २ सप्टेंबर २०२२ रोजी निवडणूक झाली. एका बाजूला कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला भाईचुंग भूतिया. ज्याच्यासाठी देशातली मैदाने भरत असत तो कर्णधार. चाहत्यांना विचारले असते तर निकाल काय लागला असता हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु मते राज्य संघटनांची होती. निकाल लागला ३३ विरुद्ध १. म्हणून चाहता डब्यात ओरडतो यात त्याचा दोष नाही. ओरडण्यावाचून त्याच्या हाती दुसरे काही दिलेलेच नाही.

नागरिकाचे तसे नाही. राज्यघटनेने त्याला मत दिले आहे. ‘याला बदला’ असे तो नुसते म्हणत नाही, तो खरोखरच बदलू शकतो. आणि तरीही २० मे २०२४ रोजी ठाणे आणि कल्याण या दोन्ही मतदारसंघांत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. याचा अर्थ सरळ आहे. जूनच्या त्या पंधरवड्यात दिल्लीच्या मंत्रिमंडळावर तावातावाने बोलणाऱ्या बाकावर समोरासमोर सहा गृहस्थ बसले असतील, तर सरासरीने त्यांतले तिघे मतदानाच्या दिवशी घरी किंवा गावी होते. ऊन होते, सुट्ट्या होत्या, यादीत नाव सापडत नव्हते, ही कारणे खरी असतील. यादीत नाव न सापडलेल्या माणसाबद्दल आम्हांला सहानुभूतीच आहे. पण उरलेल्यांनी नागरिकाचा अधिकार खुंटीला टांगून चाहत्याची भूमिका आपखुशीने पत्करली होती, हे कबूल करावे लागेल.

ही चाहतेगिरी आणखी एका ठिकाणी दिसते. चाहता संघ बदलत नाही. संघ हरो वा जिंको, ‘आपला तो आपला’. खेळात ही निष्ठा शोभून दिसते. तिच्यावाचून मैदाने ओस पडतील. परंतु पक्षावर अशी निष्ठा ठेवणाऱ्या नागरिकाची फार ओढाताण होते, आणि ठाणे जिल्ह्याने ती जवळून पाहिली आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. एकाच घरातले दोन भाऊ कालपर्यंत एका झेंड्याखाली होते, ते दोन झेंड्यांखाली गेले. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा करण्यास आम्ही इथे उभे नाही. आपल्यांत दोन्ही बाजूंची माणसे बसलेली आहेत आणि ती शेजारी शेजारी बसली आहेत, यातच आम्हांला आनंद आहे. आमचा मुद्दा एवढाच की, त्या दिवसांत ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न घरोघर विचारला गेला, आणि ‘आपल्या प्रभागाचे काय?’ हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आता व्याख्यानाच्या मुख्य गोष्टीकडे आम्ही येतो.

फुटबॉल महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले, प्रफुल्ल पटेल. त्यांच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. निवडणूक झाली नाही. घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, हे कारण सांगण्यात आले. दीड वर्ष असेच गेले. शेवटी १८ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती कार्यकारिणी दूर करून प्रशासकांची समिती नेमली. बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला, असे म्हणून ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारतालाच निलंबित केले. ते निलंबन त्याच महिन्यात उठले खरे. पण तेवढ्या अवधीत ताश्कंदला आशियाई स्पर्धेसाठी पोहोचलेल्या गोकुलम केरळ संघाच्या मुलींना एकही सामना न खेळता परतावे लागले. चूक कोणाची, आणि शिक्षा कोणाला!

आता दुसरी तारीख ऐका. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाली होती. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. महासंघाच्या मुदतीच्या एकच महिना आधी. निवडणूक झाली नाही. आधी साथीचे कारण होते, मग प्रभागरचनेचे आणि आरक्षणाचे वाद न्यायालयात होते. प्रशासक आले. ठाण्याच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तिथेही प्रशासक आले. महासंघाची निवडणूक पावणेदोन वर्षे उशिरा का होईना, झाली. आपल्या महानगरपालिकांची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. हिशेब करून पाहावा : कल्याण-डोंबिवलीत नगरसेवकांच्या एका सभागृहाची सबंध पाच वर्षांची मुदत सभागृहावाचून निघून गेली.

या पाच वर्षांत आपण गप्प होतो काय? छे! या पाच वर्षांत आपण स्तिमाच, मार्केझ आणि जमील या तिघांविषयी मत दिले. दिल्लीविषयी दिले, मुंबईच्या मंत्रालयाविषयी दिले, वॉशिंग्टनविषयीही दिले. फक्त आपल्या गल्लीतला दिवा, गटार आणि नळ यांच्याविषयी ज्याच्या दारावर हक्काने थाप मारायची तो माणूसच जागेवर नाही, ही गोष्ट आपल्या चर्चेत यायची राहून गेली. प्रशासक कामसू असतील, प्रामाणिकही असतील. त्यांच्यावर आमचा आक्षेप नाही. पण त्यांना आपण नेमले नव्हते आणि आपण काढूही शकत नव्हतो. म्हणजे त्या पाच वर्षांत, आपल्याच शहरात, आपली पायरी चाहत्याची झाली होती. फुटबॉलच्या चाहत्याला ज्या असहायतेचा राग येतो, तीच असहायता आपल्या वाट्याला आली, आणि तिची चीड आली अशी माणसे थोडी निघाली. तीच थोडी माणसे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली; २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तो काही डब्यातल्या गप्पांमुळे नव्हे.

आम्ही हे टीका म्हणून सांगत नाही. स्वतःवरच्या अनुभवावरून सांगतो. ९ जून २०२५ ची सकाळ आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, वळणावर, दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून गेल्या. दारात लोंबकळणारी माणसे एकमेकांना घासून खाली पडली आणि काही जण प्राणास मुकले. कामावर निघालेली, आपल्यासारखीच माणसे. दुसऱ्या दिवशी, १० जूनला, भारत हाँगकाँगकडून १–० असा हरला. ११ तारखेच्या सकाळी आम्ही त्याच मार्गावरच्या गाडीत उभे होतो. मुंब्र्यापर्यंत अपघाताची चर्चा झाली. मुंब्रा ओलांडले आणि मार्केझ यांना काढावे की ठेवावे, हा विषय निघाला. त्या चर्चेत आम्हीही भाग घेतला, चांगला हिरिरीने घेतला. ठाण्याला उतरल्यावर मात्र मनाला चुटपुट लागली. प्रशिक्षकाविषयीच्या आमच्या मताला जगात कोणी विचारणार नव्हते. रेल्वे ही केंद्राच्या अखत्यारीतली; तिच्याविषयी प्रश्न विचारणारा खासदार आमच्या मताने निवडला जातो. जिथे आमच्या मताला किंमत होती ते मत आम्ही मुंब्र्यापर्यंत टिकवले, आणि जिथे शून्य किंमत होती ते ठाण्यापर्यंत.

माणसाचे मन असे का वागते? खेळाचे दुःख सोसता येते, म्हणून आपण त्याच्याकडे पळतो. रुळावरचे दुःख सोसवत नाही. यात दुष्टपणा नाही. पण पळून गेलेले मत कोणाच्याही उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा करावे काय? फुटबॉल सोडू नये, डब्यातली चर्चा तर मुळीच सोडू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चे. लोकांनी एकत्र बसून वाद घालावा ही या प्रांताची जुनी कमाई आहे आणि रेल्वेचा डबा हा तिचा एक वारस आहे. आमची विनंती इतकीच की, ‘त्याला बदला’ हे शब्द ओठांवर आले की तीन प्रश्न स्वतःला विचारावे. पहिला : त्याला काम करायला काय दिले होते? दुसरा : त्याला नेमले कोणी, आणि नेमणाऱ्याला जाब विचारणारे कोण आहे? आणि तिसरा : हे बदलण्यात माझ्या हाती काही आहे काय? हाती काही नसेल तर खुशाल बोलावे आणि मोकळे व्हावे. असेल तर नुसते बोलून भागत नाही.

आता पुन्हा नगरसेवक आले आहेत. ते चांगले आहेत की नाहीत, हे ठरायला थोडा अवधी द्यावा लागेल. रहीमांना दहा गोलांनंतरही अवधी मिळाला होता. परंतु अवधी देणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. आपल्या समितीची बैठक कधी होते, तिथे आपल्या गल्लीचा विषय आला की नाही, हे वर्षातून दोनदा जाऊन विचारणारी पन्नास माणसे जरी प्रत्येक प्रभागात निघाली, तरी या शहरांचा चेहरा पालटेल असा आमचा विश्वास आहे. आणि पुढच्या वेळी मुदत संपून निवडणूक लांबली, तर पाच वर्षे वाट न पाहता पाचव्या दिवशी विचारणारी माणसे हवीत.

त्या माणसांत कोणी आम्हांला गाठून ‘काय हो, भारताचा पुढचा सामना कधी?’ असे विचारले, तर आम्ही आनंदाने सांगू. जागा दिलीत तर शेजारी बसून ठाण्यापर्यंत वादही घालू. पण आधी प्रभागाच्या बैठकीची तारीख सांगू.